देनागचा घोडा

इराणच्या शहेनशहाचं घोडदळ वेशीतून आत येऊ लागलं, तशी अनोशग गर्दी रेटत पुढे घुसली. सगळ्या स्वारांच्या तोंडावर लोखंडी जाळीचे पडदे, वर पांढरी धूळ. कुणाचा लेक, कुणाची लेक, काही कळत नव्हतं. बायका घोड्यांवरूनच आपलं माणूस ओळखत होत्या.

लेकीचा, देनागचा तांबूस घोडा दिसला. अनोशगचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. हा स्वार मागे रेलून बसला होता. देनागला तिनं स्वतः घोड्यावर बसायला शिकवलं होतं. ही बैठक तिच्या लेकीची नव्हती.

तिनं धावत जाऊन लगाम धरला. "कोण रे तू? या घोड्याची मालकीण कुठाय?"

स्वारानं पडदा वर केला. कुंभाराचा बुर्झक. मांडी रक्तानं माखलेली.

"मावशी, माझा घोडा पडला. तिनं मला याच्यावर चढवलं अन्..."

"अन् काय? मिठाची गुळणी धरलीस का?"

"म्हणाली, मी येते चालत. ओढ्यापर्यंत दिसत होती. मग रोमन स्वार मागं लागले, अन् धुळीत काही दिसेना."

अनोशग वेशीबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. शेवटचा घोडा आत गेला. पहारेकरी दार लोटू लागले.

"थांबा," ती म्हणाली. एके काळी तीही याच घोडदळात होती. ते थांबले.

वळणापलीकडून आधी चिलखताचा खणखणाट आला, मग शिव्या. कुणीतरी पाय ओढत येत होतं.

"आई! त्या बुर्झक्याला सांग, घोड्याला पाणी पाजलं नसेल तर दुसरी तंगडी मी मोडते!"

अनोशगनं तिला रस्त्यातच खाली बसवलं. पडद्याची गाठ हातांना सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. आतून घामेजलेला, लालबुंद चेहरा निघाला. तिनं खांदे चाचपले, बरगड्या चाचपल्या, एकेक बोट दाबून पाहिलं.

"आई, गुदगुल्या होतात गं."

"गप्प बस."

तटावरून रोटीवाली ओरडली, "अगं अनोशग, आली का पोरगी? लढाईचं काय झालं? कोण जिंकलं?"

अनोशगनं खाली पाहिलं. देनाग तिच्या खांद्यावर डोकं टेकून केव्हाच झोपली होती.

"विचारायचंच राहिलं बाई," ती म्हणाली.