मागची जास्वंद

पळीत आलं ते डासाचं पिल्लू नव्हतं. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. मातकट अंग, सहा पाय आणि डोक्याच्या मानाने भलतेच मोठे डोळे. असली अळी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि त्यांचा उभा जन्म तर लोकांच्या पाण्यात अळ्या शोधण्यातच गेला होता.

हिवताप खात्यात ते इन्स्पेक्टर होते. हौद असो, पिंप असो, कुंडीखालची ताटली असो, पळी बुडवायची, वळवळ दिसली की एकच हुकूम: "ओता!" निरखत बसायचं नाही. निरखत बसलं की हात चालत नाही, असं ते हाताखालच्यांना बजावायचे. लोकांनी त्यांचं नाव ओतासाहेब पाडलं होतं, आणि त्यांना ते मनातून आवडायचंही.

आणि आता हे त्यांच्याच घरी! घर विकलं होतं. पुढच्या दाराशी मुलगी टेम्पोत खोकी चढवत होती. आजपासून साहेब तिच्याकडे राहणार होते. निघताना बायकोच्या जास्वंदीची एक फांदी न्यावी म्हणून ते मागे आले, झुडपात हात घातला, तर भिंतीच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पुरलेलं जुनं सिंक. काठोकाठ भरलेलं. हे सिंक भंगारात दिलं असं बायकोने सांगितलं होतं, तेव्हा ही मुलगी रांगत होती. "तुमची इन्स्पेक्टरी बाहेर. मागची बाग माझी," असंही ती म्हणायची, आणि साहेबांनी ते पाळलं होतं. त्यांनी तणतणत जाऊन बांधलेल्या खोक्यातून पळी उपसून आणली होती.

सिंक रिकामं करायला त्यांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात पळीतल्या त्या प्राण्याने जबडा झटकन पुढे टाकला. शेजारी एक डासाची अळी वळवळत होती, ती दिसेनाशी झाली. साहेब बघतच राहिले. पाण्याकडे असे बघत ते पहिल्यांदाच थांबले होते.

मग त्यांना एक अंगण आठवलं. नवी नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि त्यांनी नुकतंच उपडं केलेलं एक घंगाळ. ओल्या केसांची एक मुलगी तरातरा बाहेर आली होती. "अहो, त्यात चतुराची पिल्लं होती! डास खातात ती!"

"आमच्या नियमात चतुर बसत नाहीत," ते ऐटीत म्हणाले होते. त्या भांडणातूनच पुढे लग्न जमलं. लग्नानंतर तिने चतुरांचा विषय कधी काढला नाही. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर चहा घेत बसायची. डोक्यावर चतुर भिरभिरायचे, आणि साहेब छाती फुगवून म्हणायचे, "बघ, एक डास नाही. इन्स्पेक्टरचं घर आहे हे." ती "हो ना" म्हणून ओठ दाबून हसायची. त्या हसण्याचा अर्थ त्यांना आज, इतक्या उशिरा, कळत होता.

पण ती जाऊन वर्ष झालं होतं. ऐन उन्हाळ्यात हे पाणी आटलं कसं नाही?

साहेबांनी वाकून पाहिलं. जास्वंदीच्या बुंध्यापासून सिंकपर्यंत अर्धा चिरलेला पाइप उतरता लावला होता. पालापाचोळ्याखाली, अगदी नीट.

हॉस्पिटलमध्ये त्यांचा हात धरून ती म्हणाली होती, "मागच्या जास्वंदीला रोज एक बादली पाणी घाला. विसरू नका." त्यानंतर ती बोललीच नाही. शेवटचा शब्द झाडासाठी, आपल्यासाठी काहीच नाही, हे साहेबांना वर्षभर सलत होतं. तरी रोज सकाळी, कुरकुरत का होईना, ते बादली ओतत आले होते.

ते तिथेच मातीत बसले. हसू आलं आणि रडूही आलं. "लबाड," ते म्हणाले. जन्मभर लोकांचं पाणी ओतून टाकणाऱ्याकडून तिने वर्षभर तेच सिंक भरून घेतलं होतं.

त्यांनी पळी हळूच पाण्यात बुडवली आणि तो मोठ्या डोळ्यांचा जीव सोडून दिला. मागून पावलं वाजली. मुलगी घर घेणाऱ्या बाईंना घेऊन आली होती.

"किल्ली मिळाली हो," बाई म्हणाल्या. "बागेचं मला फारसं कळत नाही. काही सांगून ठेवायचंय का?"

साहेबांनी बाजूला सारलेल्या फांद्या सोडल्या. सिंक पुन्हा झाकलं गेलं. त्यांनी डोळे पुसले, ओठ दाबले.

"मागच्या जास्वंदीला रोज एक बादली पाणी घाला," ते म्हणाले. "विसरू नका."