चाळणीचा मुकुट

खण्णकन चाळणी पडली आणि आम्हा सासूसुनेतला अबोला मोडला. सणाच्या मिरवणुकीतल्या चांदीच्या मुकुटाची तालीम म्हणून लेक आठवडाभर ती डोक्यावर घेऊन फिरत होती.

“मी तरी काय करू? मंडळाचा नियमच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मिरवणुकीत मुकुट घालणाऱ्या मुलीचे आईबाप दोघंही पोर्तुगीज हवेत.”

“आणि सूप ढवळणारी मराठी चालते!” मी करवादले. टोरांटोतल्या त्यांच्या पोर्तुगीज मंडळाच्या सणाला दोनशे माणसांचं सूप दरवर्षी मी रांधते. यंदा पन्नाशीनिमित्त मंडळाचा इतिहासही मीच लिहितेय. भिंतीवरच्या पहिल्या मिरवणुकीच्या फोटोकडे मी बोट दाखवलं. “मग ही मुकुटवाली कोण?”

“ती होय?” सासूबाई ओशाळल्या. “आमच्या युक्रेनी घरमालकिणीची मुलगी. आम्ही नवेच आलो होतो, आमच्यात एकही लहान मूल नव्हतं. मग मुकुट काय रिकामा न्यायचा?”

लेकीने चाळणी उचलली, पुन्हा डोक्यावर ठेवली, नीट सावरली.

“आई, पोर्तुगीज मुलं संपली की माझा नंबर येईल?”