सहाशे तेरा बाळं

फोनवरचं शेवटचं बाळ पुसून सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. वीस-वीसचे गट करून एकूण सहाशे तेरा फोटो काढून टाकले होते. काम नीटनेटकं झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

प्रसूतिगृहातली नोकरी संपून वर्ष उलटलं, तरी शेजारीपाजारी, दूधवाला, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. शेवटच्या बारा वर्षांत त्यांच्या हातावर आलेल्या प्रत्येक बाळाचा पहिला फोटो त्यांनी आईला विचारून काढून ठेवला होता. आज संध्याकाळी पाच वाजता प्रसूतिगृहाच्या हॉलमध्ये ती सगळी बाळं आपापल्या आयांना घेऊन जमणार होती, आणि मोठ्या पडद्यावर प्रत्येकाला आपलं पहिलं रूप बघायला मिळणार होतं.

म्हणून तर सकाळी सुनेनं सगळे फोटो क्लाउडवर चढवून दिले होते. "आता फोन विहिरीत पडला तरी चिंता नाही, आई. फोन, टॅब, कॉम्प्युटर, कुठूनही उघडा, फोटो हजर," असं सांगून ती पलीकडच्या खोलीत आपल्या ऑफिसच्या मीटिंगला बसली.

सिस्टरांनी उघडून बघितलं. खरंच, एकेक बाळ तीन-तीन ठिकाणी हजर होतं. आणि तिथंच त्यांचं बिनसलं. वॉर्डात तीस वर्षं त्यांनी एकच कायदा चालवला होता: एका बाळाच्या मनगटाला एक पट्टी आणि वहीत एक नोंद. तेच बाळ दोन ठिकाणी दिसलं की घोटाळा झालाच म्हणून समजायचं. इथं तर तीन! कॉम्प्युटरवरची तेवढी ठेवायची आणि बाकीची काढायची, असं त्यांनी ठरवलं.

फोन झाला. टॅब हातात घेतला तर तो आधीच रिकामा. 'पोरीनं आपणहून काढलेले दिसतात. गुणाची आहे,' असं मनाशी म्हणत त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

तोही रिकामा होता.

सिस्टरांची "अगं ए, लवकर ये!" ही हाक ऐकून गळ्यातले हेडफोन तसेच घेऊन सून धावत आली. काय झालंय ते कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"आई, कपाट एकच आहे हो! त्याला दारं तीन आहेत. तुम्ही एका दारातून सगळं बाहेर फेकलंत."

"मग तीन दारं कशाला केलीस?"

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. एरवी घरात कुणाला शिंक आली तरी त्या हुकूम सोडत, आणि आता त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"तीस वर्षांत एक बाळ इकडचं तिकडं होऊ दिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "आणि आज बसल्या जागी सहाशे तेरा हरवली. पाच वाजता त्या लेकरांना तोंड कसं दाखवू?"

सासूला असं कोमेजलेलं सुनेनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं माउस ओढला, दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

"घाबरू नका. पुसलेलं लगेच जात नाही. तीस दिवस इथं, कचरापेटीत राहतं."

"कचरापेटीत?" सिस्टर ताडकन उठल्या. वॉर्डातला आवाज परत आला होता. "माझी बाळं कचऱ्यात? आधी बाहेर काढ त्यांना!"

सुनेनं सगळी एकदम निवडली आणि 'परत आणा'वर बोट दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वरच्या कोपऱ्यात एक लालबुंद चेहरा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता ओळीच्या ओळी भरू लागल्या आणि सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

"आला बघ, पायाळू! आणि ही, हिनं दोन दिवस ताटकळत ठेवलं होतं सगळ्यांना. याच्याकडे बघ, यानं जन्मल्या जन्मल्या माझं बोट धरलं ते सोडेचना." त्या प्रत्येकाला हाक मारल्यासारख्या बोलत होत्या, हसत होत्या, मधेच पदरानं चष्मा पुसत होत्या.

"मला तर सगळी सारखीच दिसतात हो."

"तुझा नवराही असाच होता, सोललेल्या बटाट्यासारखा. पण शंभरांत ओळखला असता मी."

सून इतकी हसली की पलीकडच्या खोलीत मीटिंग चालू आहे हेही विसरली. फोटो यायचे थांबले तेव्हा तिनं खालचा आकडा मोठ्यानं वाचला. सहाशे तेरा. सिस्टरांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली, की जन्मून अजून न रडलेलं बाळ जणू तीच असावी.

शेवटची ओळ बघताना सून थबकली. "आई, हा एक मात्र खरंच दोनदा आलाय हं. तोच टॉवेल, तेच नाक, तशीच मिटलेली मूठ. यातला एक काढू?"

सिस्टरांनी तिचं मनगट माउससकट पकडलं.

"खबरदार! जुळ्या आहेत त्या." मग डावीकडच्या चेहऱ्यावर त्यांनी हलकेच बोट ठेवलं. "ही आधी आली. आणि दुसरी येईपर्यंत सतरा मिनिटं नुसती रडत होती. कुणाच्याच हातात गप्प बसेना."