ठकीचं मुकं गाणं

सगळी मुलं बेंबीच्या देठापासून बदकांचं गाणं म्हणत होती आणि ठकी नुसते ओठ हलवत होती. दोनदा ऐकून शब्द पाठ झालेले, ताल बरोबर, मान डोलवणंही झोकात. आवाज मात्र नाही. संगीतवर्गाच्या बाईंनी टाळी थांबवली, ठकीपुढे गुडघे टेकले आणि तिच्या तोंडाशी कान नेला. मग त्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आईकडे पाहिलं. आईला कुठे तोंड लपवू असं झालं.

हे होणार म्हणूनच आई घरापासून पियानो-पियानो करत आली होती. चार वर्षांच्या मुलांसाठी इथे दोन वर्ग होते. एकात मुलं जमिनीवर गोल करून गायची, उड्या मारायची. दुसऱ्यात थेट पियानो. "आणि तो ठेवायचा कुठे, माझ्या डोक्यावर?" असं नवऱ्याने विचारलं तरी ती हटली नव्हती. पियानोला बोटं लागतात, गळा लागत नाही. गळ्याचं तिला चांगलंच ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या समूहगीताच्या तालमीत मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही. लेकीला थोपटून झोपवतानाही नाही. घरात गाणी मोबाइलवर लागायची.

ती एकाच ठिकाणी गायची. ती कामाला जायची त्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत धुलाईचं मोठं मशीन घरघरायला लागलं की चादरींच्या घड्या घालता घालता ती मनसोक्त गायची. मशीन थांबलं की अर्धा शब्द तोंडात ठेवून गप्प. ठकी तेवढी समोरच्या गाठोड्यावर बसलेली असायची, पण त्या घरघराटात तिला काय ऐकू येणार?

"घरी बोलते ना ही?" बाईंनी विचारलं.

"बोलते? कान किटतात आमचे," आई म्हणाली. "बाई, गाण्याचं राहू द्या. तिला पियानोच शिकवा."

"शिकवू की. पण एवढ्याशा मुलांना मी आधी गायला लावते. गळ्यात बसलेला सूर बोटांना लवकर सापडतो." बाई ठकीकडे वळल्या. "तू का गं गात नाहीस?"

"गातेय की!" ठकी फणकारली. "आई गाते तसंच."

"आई कशी गाते?"

ठकी उठली. तिने हवेतली चादर झटकली, टोकाला टोक जुळवलं, डोळे मिटले आणि ओठ भराभर हलवले. आवाजाचा टिपूस नाही. मग तिने कोपऱ्यातल्या झाकण लावलेल्या पियानोकडे बोट दाखवलं. "आवाज मशीनचा असतो. तुमचं मशीन बंद आहे."

"आणि ही बाकीची मुलं?"

"ती ओरडतायत," ठकीने निकाल दिला.

बाकीचे आईबाप खो खो हसले. ठकीच्या आईला मात्र लख्ख कळलं. मास्तरांचं ते एक वाक्य तिने सत्तावीस वर्षं सांभाळलं होतं, आणि एकही शब्द न बोलता ते लेकीच्या पदरात टाकलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले.

"ठकीच्या आई," बाई हळूच म्हणाल्या, "मशीनशिवाय एक ओळ म्हणता?"

"मला नाही हो येत."

"मग वाईट म्हणा. पण तिला ऐकू येईल असं म्हणा."

आई उभी राहिली. पहिला शब्द अडकला, दुसरा चिरकला, आणि दुसऱ्या ओळीत सूर पार भलतीकडे गेला. तिचे कान तापले. हात उगाचच चादर शोधू लागले. पण ती थांबली नाही. गाण्यातली बदकं तळ्यात उतरली तेव्हा तिचा आवाज खोलीभर झाला होता.

ठकी आ वासून बघत होती. तिने धावत येऊन आईला खाली वाकवलं आणि तिच्या गळ्यावर हात ठेवला. "आई, आतून येतोय!" मग तोच हात तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि असा काही आवाज सोडला की दाराबाहेर बसलेले लोक डोकावून गेले. दोघी एकाच जागी बेसूर होत होत्या. गाणं संपलं तेव्हा ठकीला ते लगेच पुन्हा हवं होतं, आणि आईलाही.

"काय लिहू? पियानो की गाणं?" बाईंनी फॉर्म काढला. "गाण्याच्या वर्गात घरच्या एका मोठ्या माणसाला मुलाबरोबर गावं लागतं. दर वेळी. सूट नाही."

"गाणं लिहा," आई म्हणाली. "पियानो कुठे पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आई घड्या घालत गात होती आणि ठकी गाठोड्यावरून तिला साथ देत होती. ऐन कडव्यात मशीनने दोन आचके दिले आणि ते थांबलं. ठकीने पटकन आईकडे पाहिलं. आईने श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.

भिंतीपलीकडे इस्त्रीवाल्या काकांचा हात जागीच राहिला. ते बारा वर्षं तिथेच उभे राहून इस्त्री करत होते, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"आत कोण गातंय गं?" त्यांनी हाक मारली.

"मी गातेय, काका," आई म्हणाली, आणि मशीन सुरू न करताच तिने पुढचं कडवं उचललं.