एकच पुरतं

तिसऱ्या दिवशीही शांतम्माने ताट तसंच परत पाठवलं. पाणी तेवढं घेतलं. सून त्रिवेणी ताट उचलून चुलीपाशी गेली आणि तिथंच डोळे पुसत बसली.

उपासाचं कारण साऱ्या वालूर गावाला ठाऊक होतं. मंठ्याच्या लग्नाहून येताना म्हातारीने देवगाव फाट्यावर बस बदलली. तिथं पाथरीची सरजाबाई भेटली, दोघी बोलत उभ्या राहिल्या, आणि म्हातारी घरी येऊन बघते तर दीक्षेत मिळालेलं गळ्यातलं इष्टलिंग गायब. चांदीची डबी दोऱ्यासकट गेलेली. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा न्हाई, हा म्हातारीचा सत्तर वर्षांचा नेम. मठातल्या स्वामींनी निरोप धाडला, नवं देतो, दीक्षाही परत देतो, आजकाल चालतं. म्हातारी म्हणाली, स्वामींना चालत असेल, मला चालत न्हाई. तरी रोज सकाळी सवयीने देवघरात जायची, दार लावून घ्यायची. आत रडत असेल बिचारी, असं त्रिवेणीला वाटायचं.

मुलगा शिवकांत सेलूच्या कॉलेजात गणित शिकवायचा, त्यातही तर्कशास्त्र. खोटं न बोलणारा माणूस म्हणून गावात त्याचं लय नाव. बांधाचं भांडण असो की सोयरिकीची चौकशी, लोक म्हणायचे, सरांना विचारा. सात वर्षांमागं त्याची धाकटी बहीण शिवरंजनी पाथरीच्या धम्मानंदशी जातीबाहेर, कोर्टात लग्न करून पुण्याला गेली. तेव्हापासून दर सणाला म्हातारी विचारायची, रंजीचा फोन आला का. शिवकांत सांगायचा, न्हाई आला माय. मग म्हातारी गप बसायची. शिवा म्हणतो म्हणजे न्हाईच आला.

शनिवारी कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं, यंत्र माणसासारखा विचार करू शकेल का यावर. आईच्या खाटेपाशी बसूनच तो टिपणं काढायचा, आणि तेवढंच तिचं मन रमेल म्हणून वाचूनही दाखवायचा. तर्काचं गणित लय कडक असतं, तो सांगत होता. त्यात एक खोटं खरं म्हणून घुसलं की सगळा डोलारा कोसळतो. मग कशावरच भरवसा ठेवता येत न्हाई.

म्हातारीने डोळे उघडले. "एकच पुरतं?"

"एकच पुरतं."

"आन् यंत्राला खोटं बोलता येतं का रं?"

शिवकांत हरखला. तीन दिवसांत आईने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. त्याने समजावलं की यंत्र चुकतं, पण त्याला खोटं म्हणता येत न्हाई. खोटं बोलायचं तर समोरच्याच्या मनात काय आहे ते कळावं लागतं, त्याच्यासाठी जीव तुटावा लागतो. ते माणसालाच जमतं.

म्हातारीने हूं केलं आणि कुशीवर वळली.

दुपारी शेजारची नर्स रोहिणी बीपी बघायला आली. शांतम्माने डावा हात पदराखालून काढलाच न्हाई, उजवा पुढं केला. रोहिणीने बाहेर येऊन शिवकांतला हळूच सांगितलं, उद्यापर्यंत पोटात काही गेलं न्हाई तर कठीण आहे, सर.

काय करावं सुचेना, तेव्हा शिवकांतने मोबाईलमधल्या, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या त्या यंत्रालाच विचारलं. हुबेहूब डबी आणून दिली तर? उत्तर आलं की आईंना फसवू नका, कळलं तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जाईल, गुरूंना घरी बोलवा. घ्या! इथं माय मरायला टेकली आणि हे नीतीचे धडे देतंय. व्याख्यानाला उदाहरण तर झकास मिळालं होतं.

तो तडक परभणीला गेला. चांदीची डबी घेतली, इष्टलिंग घेतलं. जुन्या डबीच्या झाकणावर एक खाच होती. रंजी रांगती असताना तिने दातांनी चावलेली. शिवकांतने खिळा ठेवून तशीच खाच पाडली, राख चोळून चांदी काळवंडवली, नवा दोरा धुळीत मळवला.

"सापडलं, माय," दारातूनच तो म्हणाला. "फाट्यावरच्या चहावाल्याने जपून ठेवलं होतं."

शांतम्मा उठून बसली. झाकणावरून बोट फिरवत खाचेवर थांबली. "रंजीचा दात," ती म्हणाली. "हेच का रं ते?"

"हेच, माय. तुझी शपथ."

ती न्हाली, देवघरात गेली, दार लावून पूजा केली. बाहेर येऊन जेवायला बसली. शिवकांतने वरणात भाकरी कुस्करून तिला आपल्या हाताने भरवली आणि भरवताना लहान पोरासारखा रडला. यंत्राला हे जन्मात जमायचं न्हाई, त्याच्या मनात आलं. म्हातारीने अख्खी भाकर संपवली.

मग तिने चूळ भरली, हात धुतले आणि चोळीची डावी बाही वर सारली. दंडाला बांधलेला दोरा सोडला. त्यातली डबी कपाळाला लावली आणि नव्या डबीशेजारी ठेवली. दोन्हींवर खाच होती.

"एकच पुरतं म्हणालास," ती म्हणाली. "फाट्यावर ती जावयाच्या गावची सरजाबाई म्हणली, तुझी पोरगी फोन करून करून थकली. पुढचं काही सांगणार, तेवढ्यात बस आली. मला खरं वाटंना, शिवा, म्हणून ही लपवली. आता सांग. रंजीचे किती फोन आले?"

त्रिवेणी दारात येऊन उभी राहिली. शिवकांत दोन डब्यांकडे बघत होता.

"चौतीस," तो म्हणाला. "शेवटचा धम्मानंदचा होता. तिच्या मातीला या म्हणून."