सव्वासातची गाडी

सव्वासात वाजून गेले तरी ड्रायव्हर कॉटेजच्या फाटकातून हलला नाही. त्याच्या मागं रांगेत चौदा माणसं उभी होती. रांगेच्या शेवटी, एका हातात पाण्याची स्टीलची बाटली आणि दुसऱ्या हातात कॉटेजची लोखंडी किल्ली घेऊन, त्याची बायको. गाडी मात्र कुठंच नव्हती. नुसता ड्रायव्हर होता, आणि तोही दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला.

डोंगराच्या पायथ्याशी आठवडाभर राहून पायी भटकायचं, ही कल्पना त्यांच्या लेकीची. निवृत्त झाल्यापासून बाबा मिठाची गुळणी धरून खुर्चीत बसलेत, चालायला लागले की बोलायला लागतील, असं तिचं म्हणणं. आईनं ते मानलं, पण मनाशी एक ठरवूनही ठेवलं. या सात दिवसांत नवरा आपणहून चार वाक्यं बोलला तर ठीक. नाहीतर रविवारी इथूनच परस्पर बहिणीकडं राहायला जायचं. खुर्चीशी संसार करायला ती काही बांधील नव्हती. बहिणीनं खोली झाडूनसुद्धा ठेवली होती.

पहिल्या सकाळी तो सव्वासातला फाटकात उभा राहिला आणि उभाच राहिला. तिनं चला म्हटलं, ढकलून पाहिलं. ढिम्म. मग शेजारच्या माळावर एका शेळीनं मान झटकली, तिच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली आणि हा पठ्ठ्या चालू पडला. शेळ्या वाटेच्या कडेनं चरत चालल्या होत्या. घंटा एकदा वाजली की हा थांबे, दोनदा वाजली की निघे. चौतीस वर्षं ज्या बाईशी संसार केला तिचं ऐकायचं नाही आणि शेळीचं ऐकायचं, हे बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्या शेजारून चालायला गेली, तर त्यानं हातानंच मागं व्हायची खूण केली.

गावात बस येत नव्हती आणि बाजार साडेतीन किलोमीटरवर. एक माणूस रोज ठरल्या वेळी निघतो, शेळ्या जिथं रेंगाळतात त्या पुलाजवळ, पाण्याच्या टाकीपाशी आणि दूध डेअरीसमोर न चुकता थांबतो, हे गावाच्या लक्षात यायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी टाकीपाशी गुडघेदुखीवाली आजी वाट बघत उभी होती. चौथ्या दिवशी मास्तरांना उशीर झाला, तर ते हात हलवत मागून पळत आले. पाचव्या दिवशी कॉटेजची मालकीण रांगेत मध्येच घुसणाऱ्या शिंप्याशी भांडली. वाट सगळ्यांना मोकळी होती, पण ड्रायव्हरच्या पुढं कुणी गेलं नाही. त्याच्या पुढं जाऊन आपण पोचणार कुठं, असं आजीनं विचारलं आणि ते सगळ्यांना पटलं.

आज शनिवार, सातवा दिवस. चार वाक्यं सोडाच, तो एकही बोलला नव्हता. त्यात शेळीवाला कळप घेऊन टेकडीपलीकडं गेलेला. साडेसात झाले. मास्तरांनी घड्याळ बघितलं. गाडी बिघडली की काय, अशी आजीनं चौकशी केली. बायकोनं रिकाम्या माळाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडं, आणि तिला फार जुनी एक गोष्ट आठवली. नवी नवरी असताना ती त्याच्या बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसली होती. सगळे चढले तरी निघत का नाही, असं तिनं विचारलं होतं. ड्रायव्हरनं फक्त पुढचं बघायचं, तो म्हणाला होता, मागचं कंडक्टर बघतो. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

तिनं किल्ली बाटलीवर वाजवली. टण् टण्.

ड्रायव्हर निघाला. मागून चौदा माणसं निघाली.

बाजारात सगळे उतरले. परतीच्या वाटेवर दोघंच उरली, आणि डेअरीसमोर तो सवयीनं थांबला. आता मात्र ती त्याच्या पुढं येऊन उभी राहिली.

"दोन महिने तोंड उघडलं नाहीत तुम्ही. मी असं काय केलं होतं?"



"मी केव्हाचा तयार आहे," तो म्हणाला. "बेलच कुणी दिली नाही."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग तिनं बाटली वर धरली आणि किल्लीनं दोनदा वाजवली.

तो चालायला लागला आणि बोलायलाही लागला. शेवटच्या दिवशी डेपोत बस लावल्यावर सीटवरून उठवेना, तिथून सुरुवात झाली. पहाटे चारला जाग येते आणि पाय क्लच शोधतो. छत्तीस वर्षं आरशात हजारो तोंडं पाहिली, पण घरी आल्यावर तुझ्याकडं धड बघायचं राहून गेलं. तू बहिणीशी फोनवर बोलत होतीस ते मी ऐकलं होतं आणि मला फार भीती वाटली. ती आता त्याच्या शेजारून चालत होती, आणि यावेळी हातानं खूण झाली नाही. टाकी गेली, पूल गेला. कॉटेजचं फाटक आलं आणि तेही मागं पडलं.

सिंगल बेल दिली की गाडी थांबते, हे तिला ठाऊक होतं. तिनं किल्ली खांद्यावरच्या पिशवीच्या तळाशी टाकून दिली.