बोंबलांवरचा शोधनिबंध

विद्यापीठाने एका मोठ्या विज्ञान संस्थेचं सभासदत्व घेतलं, तशी एम.एस्सी. करणाऱ्या उन्नतीला एरवी विकत घ्यावे लागणारे परदेशी शोधनिबंध फुकट वाचायला मिळू लागले. सुक्या बोंबलांना बुरशी का लागते, यावरचा निबंध सापडला त्याच दिवशी ती चिंचणीला घरी आली.

गेल्या वर्षी तिच्याच हट्टापायी आईने बोंबील प्लास्टिकवर पसरले होते आणि निम्मा माल बुरशीने गेला होता. आई, वत्सला, त्यावर एका शब्दाने बोलली नव्हती, पण उन्नतीच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

"आई, बोंबील बांबूवरच टांगायचे, खालून वारा खेळला पाहिजे आणि दंव पडायच्या आत झाकायचे," तिने मोबाइलवरून वाचून दाखवलं.

"मी तरी दुसरं काय सांगत होते?"

"तू नुसतं सांगत होतीस, आई. या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. थांब, आकडेच दाखवते."

आकडे शोधता शोधता ती शेवटच्या पानावर पोचली. तिथे त्या शास्त्रज्ञाने ही पद्धत शिकवणाऱ्या चिंचणीच्या वत्सलाबाईंचे आभार मानले होते. उन्नतीने ती ओळ आईला दोनदा वाचून दाखवली.

हातातला बोंबील बांबूवर टांगत वत्सला हसली.


"तो उंच गोरा साहेब हाय का अजून? तो इथं शिकायला आला तेव्हा तू बालवाडीत होतीस. त्याला पण पहिल्यांदा पटलं नव्हतं."